दाराच्या आतल्या बाजूला

शहादा, १९ मे २०२५

नवनीत,

तू मला सगळीकडे ब्लॉक केलंयस, म्हणून कागद. पत्ता तुझ्या आईने, भिकुकाकूंनी दिला. लोणखेड्याला तुझ्या घरी गेलो होतो. त्यांनी मला ओट्यावरच उभं ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. पण पत्ता दिला. म्हणाल्या, "नवापूरले पोल्ट्रीमा शे. पंखा-मोटरांनं काम दखस."

आठवीपासूनची दोस्ती आणि चौदा महिन्यांचा अबोला. सुरुवात कुठून करू, कळत नाही. म्हणून आपल्या नेहमीच्या विषयापासून करतो.

परवा संध्याकाळी गच्चीवरून स्पेस स्टेशन जाताना दिसलं. तोरणमाळच्या बाजूने उगवलं आणि चार-पाच मिनिटांत पलीकडे विझलं. शहाद्यापासून मुंबई जेवढी लांब, तेवढ्याच उंचीवर सहा-सात माणसं एका डब्यात बसलीत. आपण पूर्वी ते बघताना शिट्ट्या मारायचो. परवा मला पहिला विचार आला तो त्यांच्या हवेचा. ती कोण बदलतं? बदलणारं यंत्र बंद पडलं तर? मी खाली निघून आलो.

आणि आपण बघितलेले ते सगळे पिक्चर आठव. यानाचं दार सुस्स करून उघडतं, माणूस पुढे जातो, दार सुस्स करून मिटतं. अवकाशात आवाज नसतो म्हणून आपण स्फोटांना हसायचो. पण दाराला हसलो नाही कधी. दार आवडायचं आपल्याला. मला तर फारच.

हल्ली साध्या वस्तू विचित्र वाटतात. गाडी वीसच्या पुढे गेली की चारही दारं आपोआप लॉक होतात ना, तो 'खट्' आवाज. मी काच खाली करूनच चालवतो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि आपला नवरा एसी लावून काच उघडी ठेवतो, म्हणून नेहल चिडते. एटीएमच्या काचेच्या खोलीत मी तिलाच पाठवतो. आमच्या बाथरूमची कडी मी काढून टाकलीय. स्क्रू सैल झाला होता, असं घरी सांगितलंय.

तू पेपर वाचला असशील. नसशील तर कात्रण जोडलंय. 'युवा व्यापाऱ्याने वाचवले मजूर महिलेचे प्राण.' फोटोत मी फार जाड दिसतोय. झालं ते असं, की १२ तारखेला दुपारी आपली तुळशीबाई केळी पिकवायच्या एक नंबरच्या चेंबरमध्ये गारव्याला जाऊन झोपली. बाहेर ऊन, आत सतरा डिग्री, कोणालाही मोह होईल. तेवढ्यात लाइट गेली. मी तिला बघायला आत गेलो आणि दार लागलं. थोडा वेळ अडकलो. मग केळी भरायला आलेल्या दोधू ड्रायव्हरने दार फोडलं. तुळशीबाईच्या मांडीचं हाड मोडलंय, नंदुरबारला ऑपरेशन झालं. ती बरी आहे. मीही बरा आहे.

तू कसा आहेस? कोंबड्या त्रास देतात का?

रिषभ


शहादा, २६ मे

नवनीत,

तुझं कार्ड मिळालं. नाव नाही, तारीख नाही, एकच ओळ. 'आतला दांडा कुठे गेला?'

तीन दिवस खिशात घेऊन फिरलो.

दांडा मी काढला. गेल्या वर्षी, तू काम सोडून गेल्यावर पंधरा दिवसांत. तू पॅनलला भोक पाडून तो लोखंडी दांडा बसवला होतास ना, आतून ढकलला की बाहेरची खिट्टी उचलायचा, त्या भोकातून केळी पिकवायचा गॅस निसटतो असं नव्या लॉकवाल्याचं म्हणणं पडलं. भोक फोमने बुजवलं, वर पत्रा मारला. दाराला चुंबकाचं लॉक बसवलं. बाहेरून मोबाईलने उघडायचं, आतून हिरवं बटण दाबून. मी त्या दिवशी दहा वेळा उघडझाप केली. आवाज हुबेहूब पिक्चरसारखा होता.

काम सोडायच्या आधीच तू म्हणाला होतास, "माणूस आत जातो त्या दाराला विजेशिवाय चालणारं काहीतरी पाहिजे." मी म्हणालो होतो, "तू ट्रॅक्टरच्या जमान्यात राहा." सगळ्यांसमोर म्हणालो होतो.

आता खरं लिहितो. तुळशीबाई झोपलेली नव्हती.

त्या दिवशी आमचा पिकअपवाला भाईदास, त्याच्या मुलीचं लग्न होतं. सगळी माणसं तिकडे गेली होती. तुळशीबाई एकटीच मागे राहिली, कारण दुपारी गाडी भरायची होती. दीडच्या सुमाराला माझ्या मोबाईलवर लाल सूचना आली, की एक नंबरची हवा आदल्या दिवसापासून बदललेलीच नाही. हवा बाहेर टाकायचा पंखा अडकला होता. तुला माहीत आहे, पिकणारी केळी माणसासारखीच श्वास सोडतात. दहा टन केळी बंद खोलीत रात्रभर श्वास सोडत होती. मी बघायला गेलो आणि तुळशीबाईला म्हटलं, चल, एक फणी काढून रंगही बघू. आम्ही दोघं आत गेलो. दार मागे मिटलं. दोन मिनिटांत लाइट गेली.

मी हिरवं बटण दाबलं. काही नाही. मोबाईल काढला. लाइट गेली म्हणून वायफाय गेलं, आणि त्या पत्र्याच्या भिंतींतून नेटवर्क येत नाही. लॉकला मात्र बॅटरी होती. लोडशेडिंगमध्ये दार सुटून माल खराब होऊ नये म्हणून मीच मोठी बॅटरी लावली होती. त्याच बॅटरीवर भिंतीवरचा कार्बन डायऑक्साइडच्या टक्क्यांचा आकडा चालू होता. पूर्ण काळोख आणि त्यात लाल अक्षरं. ४.६.

नवनीत, तो आकडा चारच्या पुढे गेला की डोकं धरतं हे मला माहीत होतं. सातच्या पुढे काय होतं तेही माहीत होतं. इतके पिक्चर बघून, इतकं वाचून मला फक्त एवढंच माहीत होतं, की किती वेळात मरणार. त्यापलीकडे काहीही नाही. मी दारावर लाथा मारल्या, ओरडलो. धाप लागली. मग मला वाटलं, हवा वाचवायला पाहिजे, हालचाल करू नये. मी क्रेटला टेकून फरशीवर बसलो. ४.९.

काळोखातून तुळशीबाईचा आवाज आला. "भाऊ, कोठे शे तू? बठना का?"

"बस, मावशी. बसून राहा. हवा कमी लागते."

"उठ. बठू नको. इहिरमा गॅस खालेच बठस. मन्हा दीर गाळ काढाले उतरना, वाकना, तो परत उठनाच नही. उठ!"

तिने चाचपडत माझी कॉलर धरली आणि ओढून उभं केलं. साठीची बाई. मोबाईलच्या उजेडात मी तिला बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर घाम होता, पण कॉलर तिने सोडली नव्हती. मी परत परत आकड्याकडे बघत होतो, ५.२, ५.३. तिने डोक्याचं फडकं काढलं आणि त्या आकड्यावर टाकलं.

"ते दखू नको. मन्हाकडे दख. हवा बाहेर कोठेन जास?"

मी वर बोट दाखवलं. अडकलेला पंखा. त्याच्या पुढच्या झडपा बंद होत्या, आणि तो नऊ फुटांवर.

"मंग क्रेट लाव."

आम्ही क्रेट रचले. भरलेला एक क्रेट वीस किलोचा. चार पावलं टाकली की थांबावं लागत होतं, डोळ्यांसमोर पिवळं यायचं, कानात ठोके. किती वेळ गेला सांगता येत नाही. थर लावून झाल्यावर मी वर चढायला गेलो आणि माझे पाय गेले, नवनीत. म्हणून ती चढली. नऊवारीचा काचा घट्ट मारून ती साठीची बाई वर चढली. मी खालून क्रेट धरले. कोपऱ्यातल्या काट्याच्या लोखंडी वजनाने तिने झडपा ठोकल्या. एक वाकली, दुसरी वाकली, आणि उन्हाची एक पट्टी आत आली, तळहाताएवढी. तिने तोंड लावून श्वास घेतला आणि खाली बघून म्हणाली, "आते तू ये."

आम्ही आळीपाळीने वर जात होतो. तिने फडकं फाडून त्या फटीतून बाहेर सोडलं. पावणेपाचला दोधूने गाडी लावली आणि भिंतीतून चिंधी हलताना बघितली. बाहेरून आवाज आला, "कोण शे रे मझार?" ती उत्तर द्यायला वळली आणि वरचा थर घसरला.

तिचं हाड तिथे मोडलं. गारव्याला झोपून नाही.

झोपल्याची गोष्ट पप्पांनी पोलिसांना सांगितली. मी तेव्हा ऑक्सिजनवर होतो. शुद्धीवर आलो तोवर ती पेपरात गेली होती.

रिषभ


शहादा, २ जून

नवनीत,

तू उत्तर पाठवलं नाहीस. बरोबर केलंस, कारण मागच्या पत्रातही मी थोडं वगळलं होतं.

नंदुरबारला गेलो होतो तुळशीबाईला भेटायला. दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर वॉर्ड आहे. लिफ्टचं दार उघडलं, आत आरसा, पंखा, बटणं. मी पाय टाकू शकलो नाही. मागे एक म्हातारा व्हीलचेअरवर होता, त्याची मुलगी म्हणाली, "चला ना भाऊ." मी जिन्याने गेलो. दुसऱ्या मजल्यावर बसलो, मग परत चढलो.

वॉर्डाच्या बाहेर तिची मुलगी काजल उभी होती. प्रकाशा गावात आशा वर्कर आहे. तिच्या हातात तेच कात्रण होतं. तिने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, मन्ही माय झोपेल व्हती का?"

मी म्हणालो, डॉक्टरांना भेटून येतो.

तिने वाट अडवली नाही. मी खरंच डॉक्टरांच्या केबिनपर्यंत गेलो, बाहेरच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसलो आणि परत आलो. तोवर काजल औषधं आणायला गेली होती. तुळशीबाई जागी होती. पाय पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला. मी स्टुलावर बसलो. तीच म्हणाली, "जेवस का तू बरोबर? चेहरा दख कसा व्हयना."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही काजलला काय सांगितलं? आतलं?"

"जे झायं ते." मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "पण तू मझार रडना ना, ते मी कोणलेच सांगं नही. काजललेबी नही. मोठा माणूस शेस. लोकं हासतीन."

नवनीत, आम्ही तिला जिल्हाभर कामचुकार ठरवलं, आणि ती माझी लाज झाकून बसली होती.

हो, मी रडलो होतो. तेही मागच्या पत्रात नव्हतं. आकडा झाकल्यावर मी जोरजोरात रडलो, नेहलचं नाव घेऊन, पप्पांचं घेऊन. तेव्हा ती म्हणाली होती, "रड, पण उभा ऱ्हाईसन रड."

आता जे खरंच लिहायचं होतं ते लिहितो. 'दार मागे मिटलं' असं मी लिहिलं. ते आपणहून मिटलं नाही. आमच्या बायका आत जाताना उंबऱ्यात नेहमी एक रिकामा क्रेट आडवा ठेवतात. कोणी शिकवलं नाही, त्यांचं त्यांनीच ठरवलंय. त्या दिवशीही तुळशीबाईने ठेवला. मी म्हणालो, "काढ तो. गॅस जातो. हे दार हुशार आहे, आपोआप उघडतं."

ती म्हणाली, "ऱ्हावू दे ना भाऊ."

मी तो पायाने बाजूला सरकवला.

आणि हिरवं बटण मार्चपासून बंद होतं. मला माहीत होतं. बायकांना माहीत नव्हतं. लॉकवाल्याला फोन करायचा राहून जात होता. मोबाईलने उघडत होतं ना, मग घाई काय.

अजून एक. गेल्या वर्षी दोन नंबरचा माल काळा पडला, तेव्हा पप्पा बाजारात सगळ्यांना म्हणाले, की नवनीतच्या वायरिंगमुळे शॉर्ट झालं. तसं झालं नव्हतं. नव्या ॲपमध्ये तापमान मी चुकीचं टाकलं होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प राहिलो. त्यानंतर शहाद्यात तुला कोणी काम दिलं नाही, हे मी बघत होतो. तू गाव सोडलंस तेही बघितलं.

दोन नंबरची चेंबर अजून चालू आहे. तेच लॉक, तेच बटण. रोज सकाळी आठ बायका आत जातात. मी ऑफिसात बसून कॅमेऱ्यात त्यांना मोजतो. आठ आत गेल्या, सात बाहेर आल्या, की मी खुर्चीवरून उठतो. मग आठवी येते. काल आठवी यायला चार मिनिटं लागली. मी धावत जाऊन दार उघडलं तर ती बांगडी शोधत होती. माझ्याकडे बघून ती घाबरली.

मी पप्पांना म्हटलं, दोन नंबर बंद ठेवू. ते म्हणाले, "का बंद केली असं विचारतील तर काय सांगशील? बेटा, जे छापून आलं तेच झालं. कारखाना निरीक्षक साहेब पाच तारखेला जबाब घ्यायला येतोय. दोन वाक्यं बोलायची आणि सही करायची." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आत होतास तेव्हा लग्नातून धावत येऊन मी दाराबाहेर उभा होतो, दोधू पहार मारत होता. ते अर्धं मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. आता तुला तुरुंगात बघायचं का मी?"

ते खोटं बोलत नव्हते.

पाच तारखेला काय होईल, मला माहीत नाही. भीती वाटते, नवनीत. मला तुरुंगाच्या शिक्षेची भीती नाही वाटत, तिथल्या दाराची वाटते. बाहेरून लागणाऱ्या. हे वाचून तू हसशील.

रिषभ


शहादा, ११ जून

नवनीत,

पाच तारखेला कारखाना निरीक्षक साहेब आले. सोबत टायपिस्ट. पप्पांनी आधीच एक जबाब टाईप करून ठेवला होता, माझी सही तेवढी राहिली होती. साहेबांनी वाचून दाखवला. 'सदर महिला विश्रांतीसाठी आत झोपली असता...'

मी म्हणालो, "ती कामावर होती."

पप्पा म्हणाले, "साहेब, याची तब्येत अजून बरी नाही."

खरंही होतं ते. माझ्या तळहातांना एवढा घाम होता की कागद चिकटत होता. मी म्हटलं, "दार मोकळं ठेवा, मी सगळं सांगतो." साहेबांनी स्वतः उठून ऑफिसचं दार उघडलं. मी सांगितलं. क्रेटपासून सुरू केलं, कारण तोच शेवटी राहील अशी भीती होती. बटण, बॅटरी, तू बसवलेला दांडा, तो मी काढल्याचं. काळा पडलेला माल कुणामुळे पडला तेही. साहेब म्हणाले, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. मी म्हटलं, तरी लिहा. मी रडलो आणि तिने मला उभं केलं, तेही लिहून घ्या म्हटलं. टायपिस्टने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "लिही."

पप्पा मध्येच उठून बाहेर गेले. व्हरांड्यात पाठमोरे उभे राहिले.

दोन्ही चेंबरना सील लागलं. माझ्यावर केस होणार आहे. नोटीस येईल, कोर्टात उभं राहावं लागेल, वकील म्हणतो लांबेल. पेपरवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने पहिल्या बातमीच्या एक चतुर्थांश जागेत, आतल्या पानावर छापलं. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर समोरासमोर बसतो, ते नेहलला सांगतात, "याला अजून एक फुलका वाढ." मी थांबायला तयार आहे.

भिकुकाकूंकडे गेलो. ओट्यावरच उभं राहून तुझ्या वायरिंगचं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हाई तू मन्हा अंगणमा सांगी ऱ्हायना. ते बाजारमा बोलेल व्हतात." मग मी बाजारात गेलो. दहा दुकानं केली, एकेका पायरीवर उभा राहून. अर्ध्या लोकांना काही आठवतही नव्हतं. पण मी सांगितलं.

भीती गेली असं मी तुला लिहिणार नाही. सांगितल्यावर हलकं वाटतं असं सगळे म्हणतात. मला तसं काही झालेलं नाही. एवढंच झालंय, की पूर्वी मला दोन गोष्टींची भीती होती, आता एकाच गोष्टीची आहे.

काल तुळशीबाईला घरी आणलं. मी आज सकाळी गेलो. एकच खोली आहे त्यांची, पत्र्याची, खाट टाकली की चालायला जागा नाही. काजल माझ्याशी नीट बोलली नाही, पण चहा ठेवला. तेवढ्यात वारा सुटला. आपल्याकडे पावसाच्या आधी सुटतो तसला, रस्त्यावरची सगळी माती उचलणारा. काजलने उठून दार लोटलं आणि कडी घातली.

मी कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे निसटला. भिंत जवळ आल्यासारखी झाली, कानात परत ते ठोके. मला वाटलं, मी कोणाला दिसू देत नाहीये. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो होतो, तारखा वाचत.

तुळशीबाई खाटेवरून म्हणाली, "काजल, दार उघडी दे व."

"माय, धूळ ई ऱ्हायनी ना. भाकरी झाकेल नही शे."

"येवू दे धूळ. त्याले भ्याव वाटस."

काजलने माझ्याकडे बघितलं. मग तिने कडी काढली, दार पूर्ण मागे ढकललं आणि ते वाऱ्याने परत लागू नये म्हणून स्वतःच त्याला पाठ टेकून उभी राहिली. माती आत येत राहिली, भाकरीवर, खाटेवर, तिच्या केसांत. वारा पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

रिषभ